‘सर्व मींच केलें’ असें केव्हां म्हणावें ?

मी इयत्ता सातवींत असतांना घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. त्या वर्षीं शाळेंत हस्तकौशल्याचें प्रदर्शन भरावयाचें होतें. मीं दोन महिने खपून पुठ्ठा, पत्र्याचे डबे व लांकडाचे तुकडे यांपासून वीतभर लांबीची एक जीपगाडी तयार केली. तिचें बॉनेट उघडत असे, पुढची कांच खालीं पाडतां येत असे, आणि मागें पाण्याचा इवलासा डबाही टांगलेला होता. फक्त चाकें मला साधेनात. लांकडाचीं कापलीं, तीं वांकडींतिकडीं झालीं. पुठ्ठ्याचीं केलीं, तीं गाडीच्या भारानें दबलीं. शेवटीं बाजारांतून एक खेळण्यांतील मोटार आणली, तिचीं चार रबरी चाकें काढलीं आणि माझ्या जीपला बसविलीं. प्रदर्शनाच्या दिवशीं गाडीपुढें ठेवावयाच्या पाटीवर मीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें, ‘संपूर्णपणें स्वतः तयार केलेली.’

सायंकाळीं वडील प्रदर्शन पाहावयास आले. त्यांनीं गाडी हातांत घेतली, उलटी करून पाहिली, पाटी वाचली आणि विचारलें, “चाकें फार सुबक झालीं आहेत. कशाचीं केलींस ?”

मीं मान खालीं घातली. “बाबा, तीं विकत आणलीं.”

“विकत आणण्यांत कांहीं वाईट नाहीं,” ते शांतपणें म्हणाले. “पण मग ही पाटी कोणत्या गाडीची ?”

एवढें बोलून त्यांनीं गाडी जागेवर ठेवली व ते पुढच्या टेबलाकडे वळले. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळींच सरांकडे जाऊन मीं कोरी पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलें, ‘चाकें विकत घेतलेलीं, बाकी सर्व स्वतः केलेलें.’ बक्षीस दुसऱ्या एका मुलास मिळालें. त्याचा माझ्या पाटीशीं कांहीं संबंध होता किंवा नाहीं, हें मीं कधीं विचारलें नाहीं. त्यानें केलेलें जहाज माझ्या जीपपेक्षां खरोखरच सरस होतें.

पुढें मोठेपणीं मोटारगाड्यांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद मला जडला, तेव्हां कळून आलें कीं, वडिलांचा तो प्रश्न माझ्या एकट्यापुरता नव्हता. ज्या ज्या देशांत हा छंद रुजला आहे, त्या त्या देशांतील कारागीर वर्षानुवर्षें याच प्रश्नावर वाद घालीत आले आहेत. ‘सर्व मींच केलें’ असें कोणत्या गाडीविषयीं म्हणतां येईल ? एक चाक विकतचें असलें तर तो हक्क जातो काय ? स्क्रू विकतचे असले तर ? आणि पत्राच विकतचा असला तर ? हा वाद वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पोटीं एक मोठी गोष्ट आहे, आणि ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सारखीच उपयोगी आहे, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

अशा मुळापासून केलेल्या प्रतिकृतीस इंग्रजींत ‘स्क्रॅचबिल्ट’ असें म्हणतात. ‘स्क्रॅच’ म्हणजे ओरखडा. शर्यतींत धांवणारांनीं जेथून सुटावयाचें, तेथें पूर्वीं जमिनीवर एक रेघ ओरखडीत. त्या रेघेसच हें नांव पडलें. कांहीं शर्यतींत कमी वेगाच्या गड्यास सवलत म्हणून चार पावलें पुढें उभें करीत. जो सर्वांत तयार गडी असे त्यास मात्र कसलीच सवलत नसे. त्यानें रेघेवरूनच सुटावें असा नियम होता. त्यावरून ‘रेघेपासून आरंभ करणें’ म्हणजे कोणाचीही सवलत न घेतां अगदीं ओनाम्यापासून आरंभ करणें, असा अर्थ रूढ झाला. हा अर्थ ध्यानांत धरला तर पुढील विवेचन सोपें होईल. प्रतिकृति करणाऱ्यास आयते मिळालेले भाग ही त्याची सवलत होय. ती त्यानें किती घेतली, हाच काय तो प्रश्न.

आतां ही प्रतिकृति म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. खेळण्यांतील मोटार मोटारीसारखी दिसली म्हणजे झालें; प्रतिकृति मात्र मूळ गाडीच्या मापाबरहुकूम असावी लागते. मूळ गाडीचें प्रत्येक माप एकाच संख्येनें भागावयाचें, यास प्रमाण म्हणतात. मोटारींच्या प्रतिकृतींत १/२४, १/२५ व १/४३ हीं प्रमाणें विशेष प्रचारांत आहेत. मोठ्या कामांस १/१२ किंवा १/८ हेंही घेतात. उदाहरण म्हणून इंग्लंडांतील जॅग्वार कंपनीनें १९६१ सालीं काढलेली ई-टाईप ही गाडी घ्या. तिची लांबी सुमारें ४.४५ मीटर. तिला २४ नें भागलें म्हणजे प्रतिकृति सुमारें १८.५ सेंटिमीटर लांब झाली पाहिजे. येथवर सर्व सोपें आहे. परंतु गाडीचा पत्रा एक मिलिमीटर जाड धरला, तर प्रतिकृतींत तो ०.०४ मिलिमीटर जाड हवा, म्हणजे साधारण केंसाहूनही पातळ ! इतका पातळ पत्रा आपला आकार धरून राहणार नाहीं. म्हणून कारागीर भाग जाड ठेवतो आणि जेथें कडा दिसते, जसें दाराची किंवा चाकावरील कमानीची, तेथें तेवढी ती आंतून घासून पातळ करतो. त्याच गाडीच्या तारांच्या चाकास ७२ आरे असत. चार चाकांचे २८८ आरे झाले, आणि त्यांतील प्रत्येक आरा सुताच्या धाग्याहून बारीक ! हा हिशेब एकदां मनांत आला म्हणजे चाकें विकत आणण्याचा मोह कोणास कां होतो, हें निराळें सांगावयास नको.

हा मोह पुरविणारा बाजारही आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील ए. एम. टी. कंपनीनें त्या वर्षींच्या नव्या मोटारींचे १/२५ प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच विक्रीस आणले, आणि पुढील कांहीं वर्षांत असे संच घरोघरच्या मुलांच्या हातीं गेले. संचाच्या पेटींत गाडीचा सांगाडा, तळ, यंत्र, बैठका, चाकें असे सर्व भाग ओतून तयार असतात. ते सोडवावयाचे, घासावयाचे, चिकटवावयाचे व रंगवावयाचे. यांत कौशल्य नाहीं असें कोणीं समजूं नये. सांधा दिसूं न देणें आणि आरशासारखा चकाकणारा रंग देणें यांस कित्येक वर्षांचा सराव लागतो. तथापि गाडीचा आकार दुसऱ्यानें घडविलेला असतो, ही गोष्ट उरतेच.

संचापासून मूळ रेघेपर्यंत जावयाचें म्हटलें तर मध्यें तीन-चार पायऱ्या लागतात. पेटींतील भाग जसेच्या तसे जोडले, ही पहिली पायरी. त्याच गाडींत यंत्राच्या तारा, ब्रेकच्या नळ्या, दाराच्या मुठी असे बारीकसारीक भाग आपण करून बसविले, ही दुसरी. छप्पर करवतीनें कापून बंद गाडीची उघडी गाडी केली, किंवा दोन-तीन संचांतील भाग एकत्र करून कोणत्याही संचांत नसलेली गाडी उभी केली, ही तिसरी. हिला रूपांतर म्हणतात. आणि सांगाडा, तळ व बहुतेक सर्व अवयव साध्या द्रव्यापासून स्वतः घडविले, ही शेवटची पायरी. वाद होतो तो तिसऱ्या व चौथ्या पायरींमधील जागेवर. रूपांतर करणारा म्हणतो, “मूळ संचाचें आतां उरलेंच काय ?” आणि रेघेपासून निघालेला म्हणतो, “जें उरलें आहे तें तुझें नव्हे.”

या वादांत कांहीं लोक अगदीं टोंकास जातात. ते म्हणतात, विकतची एकही वस्तु लागली तर ती गाडी मुळापासून केलेली नव्हे. हें म्हणणें ऐकावयास कडक व छान वाटतें, परंतु त्याचा शेवट कोठें होतो तें पाहा. मग पितळेचा पत्राही विकत घेतां कामा नये. खाणींतून तांबें व जस्त काढून आपणच तें ओतलें पाहिजे. रंगही घरींच खलला पाहिजे, आणि कानस व करवत हींही घरच्या भट्टीवर घडविलीं पाहिजेत. असा मनुष्य जगांत मिळावयाचा नाहीं. आपला कुंभार पाहा. माती त्यानें निर्माण केलेली नसते, तरी मडकें त्याचेंच असतें. कां बरें ? कारण मातीच्या गोळ्यांत मडक्याचा आकार नव्हता. तो त्याच्या हातांतून उतरला. माझ्या मतें या सर्व वादाची किल्ली येथें आहे. जें नुसतें द्रव्य आहे तें विकत घेण्यानें हक्क जात नाहीं. ज्यास आधींच आकार आलेला आहे तो भाग विकत घेण्यानें तेवढ्यापुरता हक्क जातो.

ही कसोटी हातीं घेतली म्हणजे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. प्लॅस्टिकचा सपाट पत्रा, पितळेची नळी, तार, लांकडाचा ठोकळा हें सर्व द्रव्य होय. त्यांत मोटारीचा कोणताही अवयव लपलेला नाहीं. प्रतिकृतींसाठीं जें पॉलिस्टायरीन नांवाचें पांढरें प्लॅस्टिक वापरतात, त्याचा पत्रा कापावयाची रीत या दृष्टीनें मोठी गमतीची आहे. पट्टी ठेवून सुरीच्या टोंकानें त्यावर एक ओरखडा ओढावयाचा, आणि मग हलकेंच वांकवावयाचें. पत्रा त्या रेघेवर सरळ तुटतो. म्हणजे हें काम शब्दशः रेघेपासूनच सुरू होतें !

उलट, संचांतून काढलेलें चाक हें द्रव्य नव्हे, तो अवयव आहे. बाजारांत पितळी पत्र्यावर आम्लानें कोरलेल्या बारीक जाळ्या, राळेंत ओतलेलीं यंत्रें, घडवून तयार असलेले दिवे मिळतात, तेही अवयवच. मग स्क्रूचें काय ? स्क्रू हा मोटारीचा आकार घेऊन आलेला नसतो. घड्याळांत, चष्म्यांत, कोठेंही चालणारा तो सर्वसामान्य भाग आहे. म्हणून त्याबद्दल सहसा कोणी हरकत घेत नाहीं. मोठमोठ्या प्रदर्शनांच्या नियमांचा रोखही साधारण असाच असतो : गाडी सर्वस्वीं किंवा बव्हंशीं स्वतः घडविलेली असावी, आणि जे थोडे तयार भाग लागतील ते सर्वसामान्य स्वरूपाचे असावेत, अथवा त्यांचें मूळ रूप पालटून टाकलेलें असावें. येथें ‘बव्हंशीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडीचा देह आणि तळ हे ज्याचे, त्याची ती गाडी. टायरांच्या रबरावरून कोणी कोणाचा हक्क हिरावून घेत नाहीं. पण देहच संचांतला असेल तर बाकीचे शंभर भाग घरचे असले तरी त्या गाडीस रूपांतर हेंच नांव शोभतें.

या प्रश्नाची दुसरीही एक बाजू आहे. आकार घडविणें एक आणि आकार कल्पिणें दुसरें. हा भेद समजावयास अमेरिकेंतील एका जुन्या स्पर्धेचा इतिहास फार उपयोगी पडतो. जनरल मोटर्स कंपनीच्या फिशर बॉडी या विभागानें १९३० सालीं शाळकरी मुलांसाठीं ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नांवाची संस्था काढली. फिशर कंपनीच्या बोधचिन्हांत नेपोलियनच्या काळची एक राजेशाही बग्गी होती. त्या बग्गीची हुबेहुब लहान प्रतिकृति करावयाची, ही पहिली स्पर्धा. तिच्यासाठीं आराखडे संस्थेकडून मिळत; परंतु त्यावरून बग्गी उभी करावयाची ती मुलानें स्वतःच्या हातांनीं. त्या एका कामांत सुतारकाम, धातुकाम, कोरीव काम, बैठकीचें शिवणकाम व रंगकाम इतक्या सर्व विद्यांची परीक्षा होत असे. पुढें १९३७ सालीं दुसरी स्पर्धा निघाली. तींत मुलानें भविष्यांतील मोटार आपल्या कल्पनेनें रेखावयाची आणि तिचा नमुना, साधारणतः १/१२ प्रमाणांत, घडवावयाचा. उत्तम कामास कॉलेजच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति मिळत. १९४७ सालीं चार्ल्स जॉर्डन नांवाच्या तरुणानें या स्पर्धेंत शिष्यवृत्ति मिळविली. तोच पुढें जनरल मोटर्समध्यें नोकरीस लागून १९८६ सालीं त्या कंपनीच्या रचना-विभागाचा प्रमुख झाला. ही संस्था १९६८ सालीं बंद झाली, परंतु तिच्या स्पर्धांसाठीं मुलांनीं केलेले नमुने आजही जपून ठेवलेले आहेत.

आतां विचार करा. बग्गी करणाऱ्या मुलाचा आराखडा दुसऱ्याचा होता, परंतु बग्गी त्याचीच होती. मोटार करणाऱ्या मुलाचा आराखडाही त्याचाच आणि मोटारही त्याचीच. दोघेही रेघेपासूनच निघाले होते. यावरून असें दिसतें कीं, मुळापासून केलेल्या कामांत कल्पना स्वतःची असलीच पाहिजे असें नाहीं. जगांत असलेल्या गाडीची प्रतिकृति करावयाची म्हटल्यावर कल्पना दुसऱ्याची असणारच. कारागिरानें स्वतः करावयाचें तें एवढेंच कीं, कागदावरील माप व द्रव्यांतील आकार यांमधील सर्व वाट आपल्या पायांनीं चालावयाची. इंग्लंडमधील जेराल्ड विंग्रोव्ह हे या वाटेवरील नामांकित प्रवासी. जुन्या मोटारींच्या १/१५ व १/२० प्रमाणांतील त्यांच्या धातूच्या प्रतिकृति संग्राहकांनीं मोठ्या आवडीनें घेतल्या. आणि १९७८ सालीं निघालेल्या ‘द कंप्लीट कार मॉडेलर’ या पुस्तकांत त्यांनीं आपल्या रीती इतरांसाठीं उघड करून सांगितल्या.

तारांचें चाक कसें करतात, हें ऐकलें म्हणजे या वाटेची कल्पना येईल. प्रथम लेथ यंत्रावर पितळेची धांव व मधला तुंबा कातावयाचा. मग एका ठोकळ्यावर दोहोंस बरोबर केंद्रांत बसतील अशा खांचा करावयाच्या. धांवेस व तुंब्यास मोजक्या कोनांत भोंकें पाडावयाचीं, आणि बारीक तार एकेक करून त्यांतून ओंवावयाची. एक भोंक चुकलें तर पुढील सर्व आरे वांकडे. म्हणजे चाक करण्याआधीं चाक धरणारा ठोकळा करावा लागतो, आणि कित्येकदां तो ठोकळा करण्यासही एखादें साधन आधीं करावें लागतें. जो संचाची पेटी उघडतो त्याच्यापुढें भाग असतात. जो रेघेवर उभा राहतो त्याच्यापुढें केवळ प्रश्न असतात. त्यानें निम्मा वेळ हातानें व निम्मा वेळ डोक्यानें काम केलेलें असतें, आणि ‘मुळापासून केलें’ या शब्दांचा मान आहे तो याच श्रमांसाठीं.

येथें कोणी विचारील, चारही चाकें एकेक करून घडविलीं पाहिजेत काय ? एक चाक स्वतः करून, त्याचा रबरी सांचा घेऊन, बाकीचीं राळेंत ओतलीं तर ? माझ्या मतें तीं सर्व त्याचींच. सांचा हेंही एक हत्यार आहे, आणि त्यांत जो आकार उतरला तो त्याच्याच हाताचा आहे. परंतु संचांतील चाकाचा सांचा घेऊन कोणी चार चाकें ओतलीं, तर राळ त्याची असेल, ओतकाम त्याचें असेल, पण चाक त्याचें नव्हे. आणि असे भाग तो विकूं लागला तर ती सरळसरळ चोरी होय. येथेंही आपली जुनी कसोटीच उपयोगी पडते : आकार कोणाच्या हातून उतरला ?

अलीकडे या वादांत एक नवा पाहुणा आला आहे, तो म्हणजे त्रिमिति छपाईचें यंत्र. संगणकावर एखाद्या भागाचें चित्र तयार केलें कीं हें यंत्र प्रकाशानें राळेचा एकेक पातळ थर घट्ट करीत तो भाग आपोआप उभा करतें. ७२ आऱ्यांचें चाक यास कांहीं तासांचें काम. जुने कारागीर म्हणतात, “यांत हात कोठें आहे ?” नवे म्हणतात, “लेथ हेंही यंत्रच होतें ना ?” दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. लेथवर हात सारखा चालूं असतो, चूक हातानेंच होते व हातानेंच सुधारावी लागते. छपाईंत हाताचें काम आधींच संपलेलें असतें. तरीही ज्यानें मूळ गाडीचीं मापें घेतलीं, वक्र रेषा रेखल्या, दहा वेळां चुकून अकराव्या वेळीं चाक बरोबर आणलें, त्याच्या श्रमांस नाहीं म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. तो आकार त्यानें घडविला आहे. फक्त कानशीऐवजीं आंकड्यांनीं घडविला आहे. परंतु दुसऱ्यानें केलेलें चित्र आणून ज्यानें केवळ यंत्राची कळ दाबली, त्यानें चाक विकत आणल्यासारखेंच आहे. मग तें चित्र फुकट मिळालेलें कां असेना ! आणि छापलेल्या भागांची गाडी पाटीवर तसें लिहूनच मांडावी, म्हणजे हातानें कातणाऱ्यावरही अन्याय होत नाहीं व छापणाऱ्यावरही होत नाहीं.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मुळापासून केलेली गाडी तेवढ्यावरून चांगली ठरत नाहीं. मापें चुकलेली, रंग ओघळलेली, दारें वांकडीं बसलेली गाडी पाहून कोणी म्हणूं लागला, “पण सर्व मींच केलें आहे,” तर तें उत्तर नव्हे. संचापासून स्वच्छ व नेटकी केलेली गाडी तिच्यापेक्षां शतपटीनें पाहण्यासारखी असते. ‘मुळापासून’ हा शब्द गाडी कोणत्या वाटेनें आली तें सांगतो. ती कोठवर पोंचली तें सांगत नाहीं. म्हणूनच शहाणा परीक्षक दोन प्रश्न निरनिराळे विचारतो : काम कसें झालें आहे, आणि त्यांतील तुझें किती आहे ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर गाडी स्वतः देते. दुसऱ्याचें उत्तर देऊं शकणारा एकच साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे करणारा. बारीक रंगाच्या थराखालीं काय आहे हें परीक्षकास कोठून दिसणार ? या साऱ्या छंदाचा डोलारा अशा रीतीनें त्या चार बोटें रुंदीच्या पाटीवर उभा आहे. तिच्यावर खोटें लिहिणारा परीक्षकास फसवितो हें तर खरेंच, पण ज्यानें २८८ आरे एकेक करून ओंवले त्या न पाहिलेल्या मनुष्याचे कष्टही तो कवडीमोल करतो.

आपल्याकडील मुलांस हा विचार अगदींच परका नाहीं. दिवाळींत आपण अंगणांत किल्ला करतों. दगड, विटा, माती व पोतें गोळा करून बुरूज, तट, पायऱ्या व तळें स्वतः उभें करतों आणि त्यावर मावळे मात्र बाजारांतून आणून ठेवतों. किल्ला कोणाचा असें विचारलें तर मुलें अभिमानानें “आमचा” म्हणतात, आणि तें योग्यच आहे. कारण किल्ल्याचा देह त्यांनीं घडविला आहे. परंतु “मावळे कोणीं केले ?” या प्रश्नास तींच मुलें न अडखळतां “विकत आणले” असें उत्तर देतात. हातीं चिखल लागलेल्या मुलास कोणती गोष्ट आपली व कोणती नव्हे, हें बरोबर ठाऊक असतें. बाजारांतून तयार किल्ला आणून दारांत ठेवला, तर त्यास ‘आम्हीं केलेला किल्ला’ म्हणण्यास कोणत्याही मुलाची जीभ रेटणार नाहीं. मोटारीच्या प्रतिकृतींत याहून निराळें कांहीं नाहीं. फक्त तेथें रंग चढल्यावर चिखल दिसत नाहीं एवढेंच.

शेवटीं पालकांस एक नम्र विनंति आहे. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं मुलाच्या हातांतील करवत आपल्या हातांत घेण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. काम वेळेवर व्हावें, नीटनेटकें दिसावें, मूल हिरमुसलें होऊं नये, हा हेतु चांगलाच असतो. परंतु विकतच्या चाकास लागणारा न्याय आपल्या मदतीसही लागतो. साधन कसें धरावें हें दाखविणें, धोक्याचें काम जवळ उभें राहून करवून घेणें, चूक झाली तर “पुन्हां कर” म्हणून धीर देणें, ही शिकवण झाली. भाग आपणच कापून देणें ही सवलत झाली. सवलत देण्यासही हरकत नाहीं. लहान गड्यास चार पावलें पुढें उभें करण्याची चाल जुनी आहे. मात्र मग पाटीवर तीं चार पावलें लिहावींत. ‘कापण्याचें काम वडिलांनीं केलें, जोडणें व रंगविणें माझें,’ असें लिहिल्यानें मुलाचा मान मुळींच कमी होत नाहीं. उलट उरलेलें सर्व खरोखर त्याचें आहे, असा विश्वास पाहणारास वाटतो. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे स्वतः मुलास वाटतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही संच आणून गाडी जोडा, दोन गाड्या तोडून तिसरी करा, अथवा कोऱ्या पत्र्यावर पहिला ओरखडा ओढा. तीनही कामें करण्याजोगीं आहेत, आणि पहिलें येत नसतां तिसरें साधत नाहीं. घाई करूं नका. जेवढी सवलत लागेल तेवढी घ्या, पण ती घेतली हें विसरूं नका. दर वर्षीं एखादी सवलत कमी करीत गेलां, तर एक दिवस तुम्ही आपोआप त्या रेघेवर येऊन उभे राहाल.

माझी ती जीपगाडी केव्हांच मोडली. पुठ्ठा वाळवीनें खाल्ला, आणि विकतचीं चाकें धाकट्या भावाच्या खेळांत कोठें गेलीं तें कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं लिहिलेली पाटी मात्र माझ्या टेबलाच्या खणांत अजून आहे. पुढें कित्येक वर्षांनीं पितळेचें पहिलें चाक माझ्या हातून गोल उतरलें, तेव्हां तें मीं प्रथम त्या पाटीशेजारीं ठेवून पाहिलें. चाक फारसें सुबक नव्हतें. पण वडिलांनीं तें उलटेंपालटें करून “कशाचें केलेंस ?” असें विचारलें, तेव्हां मान खालीं घालण्याचें कारण उरलें नव्हतें.